हवा लिहिली का?

तायडेमामा कुठलीही वस्तू आधी थापटून बघत. जीपचं टायर, बाजारातलं टरबूज, पाण्याचा माठ, आरोग्य केंद्रात आलेलं नवं टेबल. नवे डॉक्टरसाहेब रुजू झाले त्या दिवशी “या साहेब, या” म्हणत मामांनी त्यांच्याही पाठीवर एक थापटी दिली आणि नंतर मला बाजूला घेऊन निकाल सांगितला, “टण्ण हाय!”

मामांच्या जगात दोनच प्रकार होते. टण्ण आणि ढप्प. टण्ण म्हणजे भरलेलं, खणखणीत, भरवशाचं. ढप्प म्हणजे ज्यात दम नाही ते. टायरापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांची वाटणी त्यांनी या दोन शब्दांत करून टाकली होती आणि त्यात मधली जागा नव्हती.

मी मूळची कारंज्याची. नर्सिंगचं शिक्षण संपवून मेडशीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा वाशिम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. केंद्राला मागचा भाग लांब असलेली एक जीप होती आणि जीपला तायडेमामा होते. उंच, सडपातळ, खाकी शर्टाची घडी कधी न मोडलेली. चौदा एप्रिलला ते पांढराशुभ्र सदरा घालत आणि त्या दिवसासाठी रजा मागत नसत. “उद्या मी नाई” एवढं सांगत. जीपच्या पुढच्या बाजूला त्यांची पाण्याची कॅनव्हासची छागल लटकलेली असे. वाड्यावस्त्यांवर गेलो की मला पेल्यात पाणी मिळायचं आणि मामांना ओंजळ धरायला सांगायचे. मामा ओंजळ धरत नसत. “माह्या छागलीतलं थंड हाय, तुमच्या माठातलं ढप्प,” असं हसत म्हणून ते जीपकडे वळत. हसत, पण वळत.

पहिल्याच सकाळी आमची जुंपली. मला यादीशिवाय काम सुचत नाही. तेव्हाही सुचत नव्हतं. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी दौऱ्याचं सामान लिहीत होते. मामा मागे येऊन उभे राहिले.

“काय लिहून राह्यल्या, सिस्टरबाई?”

“यादी. कापूस, कात्री, धागा, स्पिरिट, हातमोजे...”

“वाचा बरं पुरी.”

मी वाचली. मामांनी मान डोलवली. “बराबर हाय. हवा लिहिली का?”

“कसली हवा?”

“टायरातली! कात्री इसरली तं गावात भेटते. हवा इसरली तं गावच भेटत नाई.”

मला रागच आला. पण त्याच आठवड्यात एका दौऱ्यावर मागचं चाक बसलं, स्टेपनीतही हवा नव्हती आणि आम्ही अर्धा दिवस बाभळीखाली बसून काढला. तेवढ्या वेळात मामांनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटजवळ येऊन विचारलं, “लिहिली का?” मी लिहिली होती. पहिल्याच ओळीत.

आता त्या गादीविषयी सांगते. परदेशी मदतीतून केंद्राला सामानाची एक पेटी आली. तिच्यात काही औषधं, एक तंबू, जाड रबरी कापडाची घडी केलेली चीज आणि नारळाएवढं एक राखी रंगाचं यंत्र होतं. यंत्राला दोन तारा, तारांच्या टोकाला दोन चिमटे, एक लाल आणि एक काळा. सोबतचा कागद कुठल्याशा भाषेत होता, ती आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती. कंपाउंडर म्हणाले, विष घेतलेल्याचं पोट धुवायचं मशीन आहे. मलेरियाचे कर्मचारी म्हणाले, फवारणीचं आहे. मामांनी चिमटे पाहिले, रबर थापटलं, तोंड शोधून काढलं आणि जाहीर केलं, “गादी हाय. हवेची. आन् हा तिचा पंप. जीपच्या बॅटरीवर चालते.”

जीप चालू करून मामांनी चिमटे लावले. पंप भुंग्यासारखा गुणगुणू लागला आणि अंगणात ती घडी हळूहळू अंग झाडत उठली. ओपीडीतले पेशंट, बाजाराला निघालेली माणसं, सगळी भोवती गोळा झाली. एका म्हाताऱ्याने काठीने टोचायला घेतलं तर मामा ओरडले, “अहो बाबा, थे डुक्कर नोहे, गादी हाय!”

थोड्या वेळाने यंत्राचा आवाज बदलला. हवा आत जाईनाशी झाली. मामांनी थापटी दिली. गादी दबली, हात आत गेला. आवाज आला तो ढप्प.

“हात्तीच्या! परदेशी मशीन, पण ताकद नाई,” मामा म्हणाले. त्यांनी जीपमधून टायरचा पायपंप काढला आणि गादीच्या तोंडाला चिंधी गुंडाळून वर दट्टे मारले. घाम येईपर्यंत मारले. मग पुन्हा थापटी दिली. टण्ण! गादी लाकडी दिवाणासारखी कडक झाली होती. मामांच्या चेहऱ्यावरचं समाधान मला अजून आठवतं. “टायर असो का गादी, हवा पुरी पाह्यजे. कमी हवा म्हंजे डायवरची बदनामी.”

गादी कपाटात कुलूपबंद ठेवावी असं कंपाउंडरांचं मत होतं. सरकारी वस्तू, फाटली तर जबाबदार कोण? मी डॉक्टरसाहेबांना सांगितलं, कपाटात गादीवर झुरळं झोपतील, जीपमध्ये पेशंट तरी झोपेल. त्यांना ते पटलं. गादी आणि पंप माझ्या यादीत गेले.

तरी तिचा पहिला मानकरी पेशंट नव्हताच. सरपंचांचे जावई दिवाळसणाला आले होते. सरपंच डॉक्टरसाहेबांकडे येऊन बसले, गोड बोलले आणि एका रात्रीसाठी गादी घेऊन गेले. मामा स्वतः जाऊन ती भरून आले. मशीनने भरली, वर पायपंपाचे दट्टे. सकाळी गावभर झालं की जावई रात्रीतून तीनदा जमिनीवर आले आणि शेवटी सतरंजीवर झोपले. सासऱ्याने मुद्दाम चेष्टा केली असं समजून ते चहा न घेता परत निघाले होते. सरपंचबाईंनी हातापाया पडून थांबवलं.

सरपंच तणतणत केंद्रावर आले. “तायडे, कशी गादी देली? पाहुणा लोळत गेला ना खाली!”

“गादीचा काय दोस, सरपंचसाहेब?” मामा शांतपणे म्हणाले. “गादी टण्ण होती. जावईच ढप्प हाय.”

मला हसू आवरेना. मामांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांनी खरोखरच निदान केलं होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. डॉक्टरसाहेब बैठकीसाठी अकोल्याला गेले होते. दुपारी टेकड्यांपलीकडच्या एका वाडीचा कोतवाल सायकल दामटत आला. कौसल्या नावाची बाई, आठवा महिना, अंगावरून रक्त जात होतं. नवरा जिनिंगच्या कामावर बाहेरगावी, घरी फक्त सासू. मी यादीवर नजर टाकली, सामान जीपमध्ये होतंच. आम्ही निघालो.

कौसल्या वीस-बावीसची असेल. पोट दुखत नव्हतं, पण रक्त थांबत नव्हतं. अशा वेळी काय असू शकतं हे मी शिकले होते आणि काय करायचं नाही हेही. आतून तपासायचं नाही, तिला चालू द्यायचं नाही, हिसके बसू द्यायचे नाहीत. ऑपरेशनची सोय अकोल्याला. हिसका बसला आणि रक्ताची धार लागली, तर वाटेत माझ्या हातात काहीच नव्हतं. आई आणि मूल दोघंही जाणार.

“मामा, गादी भरा,” मी म्हटलं.

पंप गुणगुणला, थांबला. मामांनी सवयीने पायपंप लावला. गादी जीपच्या मागच्या भागात आडवी-तिरपी बसली. शेजारच्या बायका धरून आम्ही चौघींनी कौसल्याला उचलून तिच्यावर ठेवलं. सासू गोदाबाई डोक्याशी बसली, मी पायाशी. मामांनी आरशातून मागे पाहिलं. “टण्ण गादी हाय, सिस्टरबाई. फिकर नोका करू.”

वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट कापसाच्या गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेली होती. जीपची दोन्ही चाकं त्या चाकोऱ्यांत बसत नसत. एक खाली, एक वर. मामा गाडी जपून चालवत होते, त्यात कसर नव्हती. पण प्रत्येक धक्का गादी जसाच्या तसा वर फेकत होती. कौसल्या उडायची, घसरायची आणि घसरू नये म्हणून सगळं अंग ताठ करायची. तिने जीपचा दांडा घट्ट धरला होता.

“मामा,” ती बारीक आवाजात म्हणाली, “हे गादी मले फेकून राह्यली जी.”

“घट्ट धर, बाई. आलीच सडक.”

पुढच्या धक्क्याला ती हातभर सरकली. मी तिच्या अंगाखालचं कापड पाहिलं. ताजं, लाल, मघापेक्षा जास्त.

“थांबवा गाडी!”

मामांनी थांबवली. उतरून मागे आले. मी म्हटलं, “गादीतली हवा सोडा.”

“काय?”

“निम्मी हवा सोडा. ती उडते आहे.”

“सिस्टरबाई, काहून असं करता? हवा सोडली तं खालचा पत्रा लागन तिले. पत्र्यावर आपटन थे!” मामांचा आवाज चढला होता. ते माझ्यावर चिडले नव्हते. त्यांना खरोखर भीती वाटत होती. ज्या माणसाने आयुष्यभर हवा भरली आणि हवा कमी पडली म्हणून लोक अडकलेले पाहिले, त्याला मी ऐन संकटात हवा सोडायला सांगत होते. आणि माझं म्हणणं बरोबरच आहे याची मलाही पुरी खात्री नव्हती. गादी किती दबेल, पत्रा लागेल की नाही, हे मी कुठे करून पाहिलं होतं?

तेवढ्यात गोदाबाई बोलली.

“डायवरभाऊ, तुमी कधी बैलाच्या पाठीवर पोतं लादलं का?”

“लादलं ना.”

“काठोकाठ भरलेलं लादलं का?”

मामा तिच्याकडे पाहत राहिले.

“आमचं वावर टेकडीवर हाय, तथी गाडी नाई चढत. बैलाच्या पाठीवरच धान आणतो आमी. टण्ण पोतं पयल्या उताराले खाली येते. जरा रितं ठिवलं का मंग दोन्हीकडून बसते, बैलाले धरून राह्यते.” तिने सुनेच्या कपाळावरून हात फिरवला. “सिस्टरबाई बराबर सांगून राह्यली. माह्या पोरीले बसू द्या त्याच्यात. थोडं रितं करा, भाऊ.”

मामा खाली वाकले. गादीच्या तोंडाचं बूच त्यांनी अंगठ्याने धरलं आणि अगदी थोडं सैल केलं. फुस्स आवाज येत राहिला. मामा एका हाताने हवा सोडत होते, दुसरा तळहात कौसल्याच्या कमरेच्या बाजूला गादीखाली घालून पत्रा किती दूर आहे ते बघत होते. कौसल्या हळूहळू आत बसत गेली. गादीच्या कडा तिच्या दोन्ही बाजूंनी वर आल्या, ओंजळीसारख्या. तिने दांड्यावरचा हात सोडला.

“आता?” मी विचारलं.

“आता बसली व मी,” ती म्हणाली.

मामांनी बूच लावलं. सवयीने गादीला थापटी दिली. ढप्प. मग ते स्टिअरिंगवर जाऊन बसले.

सडक लागेपर्यंत जीप तशीच वरखाली होत होती. पण कौसल्या आता गादीबरोबर जात होती, गादीवरून उडत नव्हती. मी कापड पाहत होते. लाल होतं, पण वाढत नव्हतं. मध्ये एकदा गोदाबाईचा घसा कोरडा पडला. मामांनी गाडी थांबवून छागल सोडली आणि तिच्यापुढे धरली. ती क्षणभर थांबली. मग तिने छागल दोन्ही हातांनी घेतली आणि घटाघटा पाणी प्यायली. “थंड हाय,” म्हणाली.

“हाय ना!” मामा म्हणाले. ते छागलीकडे पाहत होते की गोदाबाईकडे, मला कळलं नाही.

अकोल्याला पोहोचलो तेव्हा कौसल्या शुद्धीवर होती. लगेच ऑपरेशन झालं. मुलगी झाली, वेळेआधीची, लहानशी, पण रडणारी. दोघी वाचल्या. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा गोदाबाई भिंतीला टेकून खालीच बसली. मामा तिथे नव्हते. ते बाहेर जीपच्या टायरांना थापटत होते.

परतताना अर्धी वाट सरली. मामा एकदम म्हणाले, “सिस्टरबाई, थे मशीन.”

“काय झालं मशीनला?”

“थे जथी थांबत होतं ना, तेवढीच हवा आता गादीत राह्यली. म्या मोजली हातानं. म्हंजे थे बरोबर थांबत होतं. म्याच वरून दट्टे मारत होतो.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “माह्यापेक्षा मशीन शहानं निघालं जी.”

मला वाटलं होतं, मामा ही गोष्ट कुणाला सांगणार नाहीत. पण मी त्यांना पुरतं ओळखलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती गावभर सांगायला सुरुवात केली, तीही अशा थाटात की हवा सोडण्याचा शोध जणू त्यांनीच लावला होता. गोदाबाईचं पोतं ते न विसरता सांगत, माझ्या हुकुमाचा उल्लेख मात्र कधी येई, कधी नाही. इतर केंद्रांचे ड्रायव्हर आले की मामा त्यांना शिकवत, “टायर टण्ण, गादी ढप्प. ज्याले हे समजलं थो डायवर. बाकीचे गाडीवाले.” सरपंचांच्या घरी ते स्वतः गेले आणि म्हणाले, “साहेब, तुमचे जावई बराबर होते. गादी चुकली. आता बोलवा त्याहिले, म्या हिशेबानं भरून देतो.” सरपंचांनी हात जोडले. ते जोडलेले हात आभाराचे नव्हते.

पुढे त्या गादीवरून बऱ्याच बायका, एक झाडावरून पडलेला गुराखी आणि पाठ धरलेले एक पोस्टमास्तर अकोल्याला गेले. तिला काटे लागले, मामांनी टायरची ठिगळं लावली. पंप गुणगुणून थांबला की मामा बूच लावत. पायपंप पुन्हा कधी गादीच्या तोंडाला लागला नाही.

काही वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या सकाळी मी पेटी भरली. यादीप्रमाणे एकेक वस्तू, कोपऱ्यात मोजे, मध्ये पुस्तकं, कुठे बोटभर जागा नाही. मामा पेटी उचलायला आले. उचलायच्या आधी त्यांनी झाकणावर थापटी दिली.

“टण्ण हाय,” ते म्हणाले, पण कौतुकाने नाही. “थोडी जागा ठिवा, सिस्टरबाई.”

“मामा, एसटीची वेळ झाली. सगळं यादीप्रमाणे बसलंय.”

“यादी बराबर हाय. पण कोणी काई देलं तं कुठी ठिवसान?”

“आता कोण काय देणार?”

मामांनी पेटी खांद्यावर घेतली. स्टँडवर पोहोचलो तर गोदाबाई, कौसल्या आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी झाडाखाली बसल्या होत्या. पहाटेच जीप घेऊन मामाच त्यांना आणून सोडून गेले होते. गोदाबाईच्या मांडीवर जुन्या लुगड्यांची एक गोधडी होती, तिने स्वतः शिवलेली. “पेटीत ठिवजा, पोरी,” म्हणाली.

स्टँडवर, सगळ्यांच्या देखत, मी पेटी उघडली. दोन जाडजूड पुस्तकं काढून मामांच्या हातात दिली आणि गोधडी आत ठेवली. मामांनी पुन्हा झाकणावर थापटी दिली आणि मग पेटी टपावर चढवली. पुस्तकं त्यांनी आठवड्याभरात एका कंडक्टरबरोबर पोहोचती केली.

आता माझ्या हाताखाली पंधरा नर्स शिकतात. त्यांना मी यादी करायला शिकवते, कडकपणे शिकवते. पण स्वतःची पेटी भरली की वर थापटी देते. टण्ण वाजली तर एक वस्तू बाहेर काढते. कोणती, याला महत्त्व नसतं.

मामा निवृत्त झाल्यावर कधीतरी ती गादी जुन्या सामानाच्या लिलावात निघाली आणि मामांनी घेतली. “कायले घेतली?” म्हणून त्यांच्या सुनेने कपाळाला हात लावला होता. मामा आजारी आहेत असं कळलं तेव्हा मी मेडशीला गेले. ती आमची शेवटची भेट. अंगावर मांस उरलं नव्हतं, पाठ कुठे टेकवत नव्हती, आणि ते त्याच गादीवर पडले होते. पंप केव्हाच निकामी झाला होता. आता नातू तोंडाने हवा भरत असे.

“लिहिली का?” मला पाहून त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“पहिल्या ओळीत, मामा.”

ते हसले. मग हाताने खूण करून जवळ बोलावलं. “पाहा बरं जराशी. माह्यानं हात नाई उचलत आता.”

मी गादीला थापटी दिली. तळहात आत गेला.

“ढप्प आहे, मामा.”

“मंग बराबर हाय,” ते म्हणाले आणि डोळे मिटून स्वस्थ पडून राहिले.